अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणार्थ्याचा कार्यदिन : ग्रामीण रस्त्याच्या कामावरून

‘इंटर्न’ आणि ‘अप्रेंटिस’ हे दोन शब्द वृत्तपत्रांतून आणि पुष्कळदा परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिकांतूनही एकमेकांऐवजी वापरले जातात. वस्तुतः दोहोंमध्ये मोठा फरक आहे. अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, हा शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये करारबद्ध झालेला असतो. त्याचे विद्यावेतन, कामाचे तास आणि रजा यांना कायद्याचा आधार असतो. इंटर्न, म्हणजे अंतर्वासित प्रशिक्षणार्थी, हा मात्र अद्याप विद्यार्थीच असतो. त्याचे प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग असते, त्यासाठी श्रेयांक मिळतात आणि मूल्यमापन महाविद्यालय करते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली पदवी अभ्यासक्रमाचा आदर्श आराखडा प्रसिद्ध केला. त्यात एकूण श्रेयांक १६० पर्यंत खाली आणताना अंतर्वासिता अनिवार्य ठरविण्यात आली. परिणामी दरवर्षी उन्हाळी सुट्टीत फार मोठ्या संख्येने विद्यार्थी कारखाने, बांधकामे आणि शासकीय कार्यालये यांच्या दारी जाऊ लागले.

हे विद्यार्थी तेथे दिवसभर नेमके काय करतात, याचे उत्तर धोरणविषयक कागदपत्रांत सापडत नाही. ते प्रत्यक्ष कामाच्या जागीच शोधावे लागते. प्रस्तुत लेखात त्यासाठी प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील रस्त्याच्या कामाचे उदाहरण घेतले आहे. खाली वर्णन केलेला दिवस प्रातिनिधिक असून आकडे समजुतीसाठी योजलेले आहेत. कार्यपद्धती मात्र अशा कामांवर प्रत्यक्षात असते तशीच आहे.

कामाची पार्श्वभूमी

ग्रामीण रस्त्यांचा विचार आपल्याकडे नवा नाही. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत आखलेल्या ‘नागपूर योजने’ने राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंतचे वर्गीकरण देशाला दिले. तथापि खेड्यांना बारमाही रस्त्याने जोडण्याचा देशव्यापी कार्यक्रम २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रूपाने सुरू झाला. सपाट प्रदेशात ५०० किंवा अधिक, तर डोंगराळ, वाळवंटी आणि आदिवासी भागात २५० किंवा अधिक लोकसंख्येच्या न जोडलेल्या वस्त्या हे तिचे मूळ लक्ष्य होते. प्रारंभी संपूर्ण निधी केंद्राचा होता. २०१५-१६ पासून केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० आणि ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९०:१० असा ठरला. २०१३ मध्ये दुसरा आणि २०१९ मध्ये तिसरा टप्पा मंजूर झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्त्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. परीक्षेच्या दृष्टीने हे तपशील महत्त्वाचे आहेतच. परंतु प्रशिक्षणार्थ्याच्या दिवसाशी योजनेच्या आणखी दोन तरतुदींचा अधिक निकटचा संबंध येतो.

पहिली तरतूद त्रिस्तरीय गुणवत्ता नियंत्रणाची. पहिल्या स्तरावर कामाच्या जागीच प्रयोगशाळा उभारून कंत्राटदाराने चाचण्या करावयाच्या आणि अंमलबजावणी घटकाच्या अभियंत्यांनी त्यांवर देखरेख ठेवावयाची. दुसऱ्या स्तरावर राज्य गुणवत्ता निरीक्षक व तिसऱ्या स्तरावर राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक तपासणी करतात. दुसरी तरतूद अशी, की रस्ता पूर्ण झाल्यावर पाच वर्षे त्याची देखभाल त्याच कंत्राटदाराने करावयाची. निरीक्षक वर्षातून कधीतरी येणार, पहिला स्तर मात्र रोज उभा असतो. प्रशिक्षणार्थ्याचा प्रवेश होतो तो याच स्तरावर.

पहाट आणि पहिली नोंद

मध्य प्रदेशातील सातपुड्याच्या पठारावरचा एखादा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. महिना मे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी येथे दाखल झालेला आहे. दुपारी पारा चाळिशीपार जात असल्याने काम सकाळी सहाला सुरू होते, अकरा-साडेअकराला थांबते आणि उन्हे कलल्यावर पुन्हा चालू होते. जूनच्या मध्यानंतर या भागात मोसमी पाऊस येतो. तोपर्यंत मातीकाम आटोपले नाही तर पुढचे चार महिने वाया जातात. कामावरील प्रत्येकाच्या मनात हा हिशेब असतो आणि दिवसभरातील लहानमोठ्या निर्णयांवर त्याचे सावट असते.

प्रशिक्षणार्थ्याचे पहिले काम लेव्हल लावण्याचे. आदल्या दिवशी टाकलेल्या भरावाची उंची आराखड्याशी जुळते की नाही, हे तलचिन्हापासून वाचने घेऊन तपासावयाचे असते. महाविद्यालयात सर्वेक्षणाचा तास आवारातील सपाट मैदानावर झालेला असतो. येथे दट्ट्या धरणारा मजूर उतारावर उभा असतो, टिपरच्या धुळीत आकडे दिसत नाहीत, आणि रात्री कोणाच्या तरी वाहनाच्या धक्क्याने तलचिन्हाचा दगड हललेला असण्याचीही शक्यता असते. म्हणून शेवटचे वाचन पुन्हा पहिल्या चिन्हावर येऊन घ्यावयाचे आणि फरक किती पडतो ते पाहावयाचे. ‘क्लोजिंग एरर’ या नावाने पाठ केलेली गोष्ट इथे कामास येते. फरक मर्यादेबाहेर गेला तर तासाभराचे काम पुसून पुन्हा करावे लागते.

याच वेळेत तो आणखी एक गोष्ट शिकतो, जी कोणत्याही अभ्यासक्रमात नाही: कोणाला काय विचारावे. रोलरचालकाला अमुक ठिकाणी माती ‘बसत नाही’ हे यंत्राच्या हादऱ्यावरून कळते. मुकादमाला माती कोणत्या खाणीतून आली हे ठाऊक असते. कनिष्ठ अभियंता, ज्याला मध्य प्रदेशात उपयंत्री म्हणतात, त्याच्याकडे एकाच वेळी अनेक कामे असल्याने तो दिवसातून एखाद-दोन तासच येथे असतो. तेवढ्या वेळेसाठी प्रश्न लिहून ठेवणारा विद्यार्थी सहा आठवड्यांत पुष्कळ शिकतो. वाट पाहत झाडाखाली बसणारा काहीच शिकत नाही.

घनतेची चाचणी

सकाळी साडेआठच्या सुमारास दिवसातील सर्वांत महत्त्वाचे काम सुरू होते. रोलर फिरलेल्या भरावाची दबाई पुरेशी झाली आहे काय, हे ठरवावयाचे असते. या चाचणीचा सविस्तर विचार करणे योग्य ठरेल, कारण पाठ्यपुस्तकातील सूत्र आणि रस्त्याचे आयुष्य यांची गाठ येथेच पडते.

माती दाबली की तिच्या कणांमधील हवा बाहेर पडते आणि घनता वाढते. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत. फार ओली असेल तर पाणीच जागा व्यापून बसते. या दोहोंच्या मधे कोठेतरी अशी आर्द्रता असते, जिच्यावर विशिष्ट दबाईने सर्वाधिक शुष्क घनता मिळते. तिला इष्टतम आर्द्रता म्हणतात. अमेरिकन अभियंता आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ साली मातीच्या धरणांच्या संदर्भात ही गोष्ट मांडली आणि चाचणीला त्यांचेच नाव मिळाले. भारतीय मानकानुसार या चाचणीत १,००० घनसेंटिमीटरच्या साच्यात माती तीन थरांत भरतात आणि प्रत्येक थराला २.६ किलोग्रॅमच्या ठोकणीचे ३१० मिलिमीटर उंचीवरून २५ ठोके देतात. आपल्या उदाहरणातील तांबूस, बारीक पोताच्या मातीची प्रयोगशाळेत आलेली महत्तम शुष्क घनता १.८० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि इष्टतम आर्द्रता १४.५ टक्के मानू. ग्रामीण रस्त्यांच्या विनिर्देशांनुसार भरावाच्या थरात या महत्तम घनतेच्या किमान ९७ टक्के, तर फरसबंदीखालच्या वरच्या ३०० मिलिमीटरमध्ये १०० टक्के घनता मिळणे आवश्यक असते. येथे चाललेला थर खालच्या भरावाचा आहे, म्हणजे १.८० च्या ९७ टक्के, अर्थात १.७४६, ही सीमारेषा.

प्रश्न उभा राहतो तो खड्डा कोठे घ्यावा हा. रस्त्याच्या मध्यभागी रोलरच्या फेऱ्या सर्वाधिक झालेल्या असतात. तेथे निकाल चांगलाच येणार. कंत्राटदाराचा माणूस बहुधा तीच जागा सुचवितो, आणि त्यात नेहमीच लबाडी असते असे नाही. तेथे बसायला सपाट जागा असते एवढेच. पण रस्ता खचतो तो कडेला आणि मोरीलगत. मोरीच्या भिंतीपाशी जड रोलर नेता येत नाही. तेथे लहान यंत्राने दबाई करावी लागते आणि ती सहसा कमी पडते. पहिल्या पावसाळ्यानंतर मोरीच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर खोलगट आडवा पट्टा दिसतो, गाडीला दणका बसतो, तो याच कारणाने. म्हणून काही जागा यदृच्छेने आणि काही जाणीवपूर्वक कमजोर ठिकाणी निवडल्या, तरच चाचणीला अर्थ राहतो.

मोरीपासून थोड्या अंतरावर प्रशिक्षणार्थी सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा आणि १५ सेंटिमीटर खोलीचा खड्डा घेतो. निघालेली सर्व माती, शेवटच्या चिमटीपर्यंत, गोळा करून तोलली जाते: २,३२८ ग्रॅम. मग खड्ड्यात नळकांड्यातून ठरावीक जाडीची कोरडी वाळू सोडतात. नळकांड्याखालच्या शंकूत राहिलेली वाळू वजा केल्यावर खड्ड्यात गेलेली वाळू १,७४० ग्रॅम भरते. वाळूची घनता आधीच १.४५ ठरविलेली आहे, म्हणून खड्ड्याचे आकारमान १,२०० घनसेंटिमीटर आणि मातीची ओली घनता २,३२८ भागिले १,२००, म्हणजे १.९४ येते. वाळू सोडली जात असताना शेजारून रोलर जाऊ द्यावयाचा नाही. हादऱ्याने वाळू घट्ट बसते, खड्डा आहे त्यापेक्षा मोठा भासतो आणि चांगली दबाईही वाईट ठरते.

आता आर्द्रता. भट्टीत माती १०५ ते ११० अंश सेल्सियसला सुकवून ती अचूक मिळते, पण त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. थर तेवढा वेळ थांबू शकत नाही. म्हणून कामावर शीघ्र आर्द्रतामापक वापरतात. बंद भांड्यात माती आणि कॅल्शियम कार्बाइड एकत्र हलविले की मातीतील पाण्याशी क्रिया होऊन अॅसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून काटा आर्द्रता दाखवितो. हा वायू ज्वलनशील असतो. झाकण उघडताना जवळ कोणी विडी ओढत नाही ना, हे पाहणेही प्रशिक्षणार्थ्याचेच काम. काटा १०.७ टक्के दाखवितो.

येथे बहुतेक विद्यार्थी थेट १.९४ ला १.१०७ ने भागतात. उत्तर येते १.७५२, महत्तम घनतेच्या ९७.४ टक्के. थर उत्तीर्ण. मुकादम पुढच्या टिपरला हात करतो.

परंतु मापकाने दाखविलेली आर्द्रता ओल्या मातीच्या वजनावर काढलेली असते, आणि सूत्रात लागते ती कोरड्या मातीच्या वजनावरची. शंभर ग्रॅम ओल्या मातीत १०.७ ग्रॅम पाणी असेल, तर कोरडी माती ८९.३ ग्रॅम. १०.७ भागिले ८९.३ म्हणजे सुमारे १२ टक्के. आता १.९४ ला १.१२ ने भागले असता शुष्क घनता १.७३२ येते; महत्तम घनतेच्या ९६.२ टक्के. थर अनुत्तीर्ण.

दोन्ही उत्तरांत फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा आहे, पण सीमारेषा नेमकी त्यांच्या मधे पडते. खड्डा तोच, माती तीच, यंत्र तेच. एका भागाकाराने नापास थर पास होतो. हे रूपांतर मृदायांत्रिकीच्या पुस्तकात असते आणि त्यावर प्रश्नही येतात. मात्र वर्गात ते चुकले तर दोन गुण जातात. येथे चुकले तर सैल राहिलेला भराव पुढच्या थराखाली कायमचा गाडला जातो आणि वर डांबर पडल्यावर तो कोणालाही दिसत नाही.

अनुत्तीर्ण थराचे पुढे काय

निकाल सांगण्याचा क्षण प्रशिक्षणार्थ्यासाठी अवघड असतो. त्याला काम थांबविण्याचा अधिकार नसतो, नोंदवहीत सही करण्याचाही नसतो. कंत्राटदाराची माणसे वयाने आणि अनुभवाने मोठी असतात. आकाशात ढग जमू लागलेले असतात, रोलरचे भाडे चालू असते आणि ‘एवढ्याने काही होत नाही’ हे वाक्य फार लवकर कानी पडते. त्याने करावयाचे ते एवढेच: आकडे स्वच्छ लिहून कनिष्ठ अभियंत्याला दूरध्वनीवर कळवावयाचे आणि त्याच्या सूचनेप्रमाणे शेजारी दुसरा खड्डा घेऊन खात्री करावयाची. दुसराही निकाल तसाच आला की निर्णय अभियंत्याचा. वाद घालण्याची गरज नसते. गणित त्याच्या बाजूने असते.

उपायही तसा साधा आहे. मातीत १२ टक्के पाणी आहे, हवे १४.५ टक्के. म्हणजे रोलर कमी फिरला असे नसून माती कोरडी राहिली, हे कारण अधिक संभवते. थर उकरून, पाणी शिंपडून, उलथापालथ करून पुन्हा दाबावयाचा. पाणी किती लागेल? १०० मीटर लांब, ७.५ मीटर रुंद आणि १५० मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे ११२.५ घनमीटर. शुष्क घनता १.७३२ धरता कोरडी माती सुमारे १९५ टन. तिच्या अडीच टक्के, म्हणजे जवळजवळ ४,९०० लिटर. उन्हात उडून जाणारे वेगळे. साधारण पाच हजार लिटरचा एक टँकर. हा हिशेब विद्यार्थ्याने वहीच्या कोपऱ्यात करून दाखविला, की मघाशी त्याला हसणारा मुकादमही टँकर मागवायला निघतो. ‘पुन्हा करा’ या शब्दांपेक्षा ‘एक टँकर आणि रोलरचे तीन तास’ हे वाक्य कामावर अधिक चालते.

मे महिन्यात हा टँकर कोठून येतो, हा प्रश्न मात्र गणिताबाहेरचा आहे. गावच्या विहिरीने तळ गाठलेला असताना पाच हजार लिटर पाणी मातीत जाते, ते ग्रामस्थ पाहत असतात. अंदाजपत्रकात पाण्याची वाहतूक धरलेली असते; ते कोणत्या स्रोतातून घ्यावे, याचा विचार क्वचितच आधी झालेला असतो. विकासाच्या कामातील साधनांची ओढाताण म्हणजे काय, हे निबंधात लिहिणाऱ्या परीक्षार्थीला यापेक्षा नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे.

दुपार आणि संध्याकाळ

दुपारचे तास तंबूतील प्रयोगशाळेत जातात. चाळणी लावून खडीची प्रतवारी तपासणे, चपट्या तुकड्यांचे प्रमाण काढणे, मोरीच्या काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे घन पाण्याच्या टाकीतून वेळच्या वेळी बाहेर निघतात की नाही ते पाहणे, अशी ही कामे. सात दिवसांच्या घनाचा निकाल २८ दिवसांच्या ताकदीचा अंदाज देतो. स्वीकृती मात्र २८ दिवसांच्याच निकालावर. सहा आठवड्यांचा प्रशिक्षणार्थी पहिल्या आठवड्यात स्वतः भरलेला घन शेवटच्या आठवड्याआधी फुटताना पाहू शकतो. सुट्टीची आखणी करणाऱ्या महाविद्यालयांनी एवढे जरी लक्षात घेतले, तरी दोन-तीन आठवड्यांच्या धावत्या प्रशिक्षणाचा आग्रह कमी होईल.

अशा कामांवर येणाऱ्या विद्यार्थिनींची संख्या आजही थोडी आहे. त्यामागे आवड-निवड हे कारण सांगितले जाते. रस्त्याच्या कामावर मैलोन्‌मैल स्वच्छतागृह नसते आणि जवळच्या गावात राहण्याची सोय नसते, ही कारणे त्याहून मोठी आहेत. ती दूर करणे फारसे खर्चाचेही नाही.

चार वाजता पुन्हा भरावावर. फेरदबाईनंतरचा खड्डा घेतला जातो. वाळू पुन्हा १,७४० ग्रॅम, माती २,४३६ ग्रॅम, मापकाचे वाचन १२.७. ओली घनता २.०३, कोरड्या वजनावर आर्द्रता १४.५ टक्के, शुष्क घनता १.७७३, म्हणजे ९८.५ टक्के. थर स्वीकारला जातो आणि उजेड असेतो पुढचा थर पसरला जातो.

संध्याकाळी नोंदवही. गुणवत्ता नियंत्रणाच्या नोंदवहीत सकाळचा अनुत्तीर्ण निकाल आणि दुपारचा उत्तीर्ण निकाल, दोन्ही साखळी क्रमांकासह लिहिले जावेत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात फक्त उत्तीर्ण निकाल लिहिण्याचा मोह मोठा असतो, कारण कोरी, निर्दोष नोंदवही पाहून वरिष्ठ प्रसन्न होतील असे वाटते. अनुभवी निरीक्षक मात्र पानोपानी एकही अनुत्तीर्ण निकाल नसलेल्या वहीकडे संशयाने पाहतात. माती निसर्गातून येते. ती रोज ९८ टक्केच देत नाही. राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक कामाला ‘समाधानकारक’, ‘सुधारणा आवश्यक’ किंवा ‘असमाधानकारक’ अशी प्रतवारी देतात, तेव्हा रस्ता उकरून पाहण्याबरोबर या वह्याही चाळल्या जातात.

प्रशिक्षणार्थ्याची स्वतःची दैनंदिनी वेगळी. ‘आज मातीकामाची पाहणी केली’ असे एक वाक्य लिहून सही घेणारे पुष्कळ असतात. ज्या दैनंदिनीत १०.७ आणि १२ हे दोन आकडे शेजारी शेजारी असतील, ती वाचून परीक्षकाला वेगळे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

कायद्याची बाजू

या दिवसात विद्यार्थ्याने केलेले काम कोणत्या नात्याने केले, हा प्रश्न उरतो. १९६१ चा अधिनियम प्रारंभी कारागीर उमेदवारांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आणि १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. २०१४ च्या दुरुस्तीने ऐच्छिक व्यवसायांची तरतूद झाली. २०१९ मध्ये नियम बदलून ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक करण्यात आले, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के असे प्रमाण ठरले आणि पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये निश्चित झाले. पदवीधर व पदविकाधारकांसाठीची योजना मुंबई, चेन्नई, कानपूर आणि कोलकाता येथील चार प्रादेशिक मंडळांमार्फत राबविली जाते. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ही तिच्याहून वेगळी. परीक्षेत या दोहोंची गल्लत करू नये.

कायद्याच्या १८ व्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. तरीही त्याच्या सुरक्षिततेची आणि इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याला हे संरक्षण मिळत नाही, कारण तो पदवीधर नाही आणि करारबद्धही नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेली प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनाही प्रारंभी त्याच्यासाठी नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या या योजनेत २१ ते २४ वयोगटातील तरुणांना बारा महिने दरमहा ५,००० रुपये देण्याची तरतूद होती, आणि पूर्णवेळ शिक्षण घेणारे तिच्यातून वगळलेले होते. शहरांपुरती ‘ट्यूलिप’ ही अंतर्वासिता योजना जून २०२० मध्ये तंत्रशिक्षण परिषदेच्या सहभागाने सुरू झाली. तिचा रोखही नागरी स्थानिक संस्था आणि स्मार्ट शहरे यांकडे, आणि तीही नव्याने पदवी घेतलेल्यांसाठी.

म्हणजे पदवीपूर्व विद्यार्थी मागे येणाऱ्या टिपरच्या, रोलरच्या आणि कार्बाइडच्या सान्निध्यात दिवसाचे आठ-नऊ तास काढतो, ते महाविद्यालयाच्या एका शिफारसपत्राच्या आधारे. शिरस्त्राण व चमकते जाकीट, अपघात विमा आणि देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे नाव या तीन गोष्टी त्या पत्रात लिहूनच विद्यार्थ्याला पाठवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. काही संस्था तसे करतात. बहुतेक ठिकाणी ते विद्यार्थ्याच्या आणि तेथील अभियंत्याच्या सौजन्यावर सोडलेले असते. विद्यावेतनाचेही तसेच. आठवडाभराच्या भोजनखर्चाइतकी रक्कम मिळाली, तरी ग्रामीण भागातील गरीब विद्यार्थी दूरच्या कामावर जाऊ शकतो. एरवी तो घराजवळच्या एखाद्या कार्यालयात प्रमाणपत्रापुरता बसतो आणि त्याची दैनंदिनी एका बैठकीत लिहून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीतील माती बाहेर निघते. कालच्या पहिल्या खड्ड्यातील नमुना रात्रभर सुकलेला असतो. ओले वजन, कोरडे वजन, भांड्याचे वजन अशी तीन वजाबाक्यांची ओळ लिहिली जाते आणि आर्द्रता १२.१ टक्के येते. मापकाच्या रूपांतरित आकड्याशी ती जुळते. प्रशिक्षणार्थी ती कालच्या नोंदीसमोर लिहितो, अभियंता आल्यावर त्याची सही घेतो आणि लेव्हल उचलून पुढच्या साखळीकडे निघतो.